बावीस नंबरचा खण

सकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, बावीस नंबरचा खण रिकामा करा. सगळे बांधून द्या. चार वाजता गाडी येईल."

आमच्याकडे पोरगी जायची असली की असंच सांगतात. अमकी जाणार असं कुणी म्हणत नाही, अमका खण रिकामा करा म्हणतात. रडारड नको म्हणून. रडारड व्हायची ती होतेच, फक्त कपडे बांधून झाल्यावर होते.

या घरात बत्तीस मुली, तीन सिस्टर, एक स्वयंपाकीण, फाटकावरचा एक म्हातारा आणि मी. मी सिस्टरांच्या देवाची नाही, पण त्यांच्या घड्याळाची आहे. एकवीस वर्षं त्यांच्या घंटेवर उठते. माझ्या खोलीत भिंतभर लाकडी खण आहेत, तेही बत्तीसच. प्रत्येक खणाला नंबर, आणि त्यातल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून लाल दोऱ्यानं तोच नंबर. एक मुलगी गेली की तिचा नंबर पुढच्या मुलीला मिळतो. कुणाचा झगा कुणाच्या अंगात जाऊ नये एवढ्यासाठीच हे सगळं, अशी माझी ठाम समजूत होती.

बावीस नंबर म्हणजे भोंगा. वय सहा. कागदावर तिला चांगलं नाव आहे, पण या घरात कागदावरची नावं कागदावरच राहतात. ती रडायला लागली की रस्त्यापलीकडच्या कारखान्यातले लोक सुट्टी झाली समजून हत्यारं खाली ठेवतात, असं फाटकावरचा म्हातारा सांगतो. म्हातारा चार गोष्टींत तीन थापा मारतो, पण ही चौथी असावी.

"वडील आलेत तिचे," स्वयंपाकीण मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली. "बोटीवर असतात. चार वर्षं शोधत होते म्हणे. मी खीळ घालून ठेवलेय जिभेला, पण पोरीला कळलंच."

"खीळ घातल्यावर कळलं, नाही घातली असती तर काय झालं असतं?"

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत ती गेली.

मी सहा झगे, दोन स्वेटर, मोजे, रुमाल अशी पिशवी भरली. शेजारच्या तेवीस नंबरच्या खणाखाली मुंगी बसली होती. मुंगीही सहाचीच. दिवसाला दहा शब्द बोलते, त्यातले आठ माझ्याशी, मी मोजलेत. शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली येऊन बसते आणि मोज्यांच्या जोड्या लावते. मला मूल नाही. असतं तर ते इतकं शिस्तीचं निघालं नसतं.

"भोंगा जाणार?" ती म्हणाली.

"हो."

"बरं," ती म्हणाली. तीन शब्द वापरले गेले, चौथा मोज्यांसाठी राखून ठेवला.

अकरा वाजता पिशवी घेऊन मी ऑफिसात गेले. टेबलाच्या अलीकडे खुर्चीच्या कडेवर एक माणूस बसला होता. शर्ट नवा, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. मोठ्या सिस्टर फाईल वाचून दाखवत होत्या. त्या समुद्रापलीकडून आलेल्या, आमची भाषा पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. आम्ही रागावलो की क्रियापद गिळतो. त्या रागावल्या की ते जास्तच नीट ठेवतात.

"वय अंदाजे दोन वर्षे," त्या वाचत होत्या. "बस उलटल्यानंतर रुग्णालयात आणलेल्या स्त्रीबरोबर. स्त्री त्याच दिवशी मरण पावली. ओळख पटली नाही. मुलगी बोलत नाही. अंगावर निळा लोकरी स्वेटर."

"तिच्या आईनं विणला होता," तो माणूस म्हणाला. त्यानं खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. "मी बोटीवर असताना पाठवला होता."

फोटोत पोर पाठमोरी होती. बाईला आपल्या विणकामाचा अभिमान असणार, म्हणून तोंड सोडून पाठ पाठवली. पाठीवर वरपासून खालपर्यंत पाच बटणं.

"बटणं मागे आहेत," तो म्हणाला. "पुढे असली की ही तोंडात घालायची. म्हणून तिनं मागे लावली."

पिशवी मी खाली ठेवली नाही, ती आपोआप खाली गेली.

सिनेमात हरवलेल्या पोरीच्या अंगावर खूण असते. इथे खूण माझ्या अंगावर होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चार बारीक दातांची. चार वर्षांपूर्वी रुग्णालयातून आलेल्या त्या पोरीला मी आंघोळीला नेलं, निळ्या स्वेटरची बटणं पुढे सापडेनात म्हणून तो डोक्यावरून ओढायला गेले आणि ती मला चावली. चावली आणि गप्प राहिली. तिच्या घशातून हूं की चूं नाही. ओरडले ती मी. भोंगा त्यानंतर दोन दिवसांनी आली, पोलिसांच्या गाडीतून. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच आम्हाला ती ऐकू आली होती.

"लहानपणी ती कधी रडत नसे," माणूस म्हणाला. "तिची आई म्हणायची, पोर आहे की टपालाची पेटी. काहीही टाका, आवाज नाही."

"मुले बदलतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि फाईलचं पान उलटलं.

मी बाहेर आले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले.

झालं होतं ते असं. या घराच्या पहिल्या सिस्टरांनी एक नियम घालून दिलाय. नाव न सांगता येणारी पोर आली की तीन महिने तिला नाव ठेवायचं नाही. मागून कुणी येईल, तिचं खरं नाव घेऊन येईल, तेव्हा आपण दिलेलं नाव मध्ये आडवं नको. तोवर पोरीला नंबरानं हाक मारायची. नियम चांगला आहे, मी कधी हसले नाही त्याला. तर त्या आठवड्यात दोन पोरी आल्या. दोघी दोन वर्षांच्या, दोघी अजून न बोलणाऱ्या, दोघींची उवांमुळे डोकी भादरून काढलेली. फाईलसाठी फोटो काढले तर दोन उकडलेली अंडी. एकीला मी बावीसचा खण दिला, दुसरीला तेवीसचा. बावीस म्हणजे रुग्णालयातली. मुंगी.

पुढच्या आठवड्यात खरूज आली. घरातला चिंधीपर्यंत कपडा एका पातेल्यात उकळला, आणि मलाच आधी खरूज झाली म्हणून मला चार दिवस मागच्या खोलीत कोंडलं. पोरींना कपडे घातले ते स्वयंपाकिणीनं. तिला पोरी ताटावरून ओळखू येतात, खणावरून नाही. हाताला येईल तो झगा, हाताला येईल ती पोर. ज्यांना नाव होतं त्या ओरडल्या, हा माझा नाही म्हणून. या दोघी कशा ओरडणार? एक गप्पच असायची आणि दुसरी ओरडायची ती सगळ्याच गोष्टींसाठी.

मोठ्या सिस्टर तेव्हा नुकत्या आल्या होत्या. भाषा येत होती, पोरी ओळखू येत नव्हत्या. त्यांनी वही घेतली, एकेक कॉलर उलटून वाचली आणि प्रत्येक नंबरापुढे वर्णन लिहिलं. बावीस, रडते. तेवीस, शांत.

मी चौथ्या दिवशी बाहेर आले तर बावीसचा झगा भोंग्याच्या काखेत रुतत होता. एका नजरेत कळलं मला. आणि मी काय केलं, तर रात्री बसून दोघींच्या चौदा कपड्यांचे नंबर उसवले आणि एकीचे दुसरीच्या कपड्यांवर घातले. सिस्टरांची वही खोटी पडायला नको, म्हणून कॉलरी खऱ्या केल्या. नंबर माझ्या मते झग्याचा होता. त्या नंबरावरून ऑफिसात एक फाईल उघडते, त्या फाईलमध्ये एक मेलेली आई असते आणि बोटीवरचा एक बाप असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. मी मोज्यांच्या ढिगापुढे बसले आणि मनातल्या मनात दोन रकाने आखले. गप्प बसायचं, तर भोंग्याला बाप मिळतो. त्या माणसाला मुलगी मिळते. सिस्टरांची वही खरी राहते. मला कुणी बोल लावत नाही. आणि मुंगी टेबलाखाली राहते, जोड्या लावत. या रकान्यात पाच बाबी झाल्या. दुसऱ्या रकान्यात एकच होती: तो भोंग्याचा बाप नाही. मी दोनदा बेरीज केली, दोन्ही वेळा त्या एकाच बाबीपाशी अडकले.

इतक्यात भोंगा आत आली. दोन वेण्या, नवी फीत, हातात डबा. सकाळपासून ती घरभर आपली संपत्ती वाटत फिरत होती.

"हे घे," ती टेबलाखाली वाकून म्हणाली. "माझी पेन्सिल. टोक तू कर, मला आता वेळ नाही."

मुंगीनं पेन्सिल घेतली. "कुठे राहणार?"

"बाबांच्या बोटीवर."

"त्यांची आहे?"

"त्यांचीच असणार. नाहीतर त्यांना बसू कसं दिलं असतं?" मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, माझा भांग सरळ आहे?"

"सरळ आहे."

"बाबा काही म्हणालेच नाहीत."

"काय म्हणायला हवं होतं?"

"काहीतरी. ते नुसते बघत होते." तिनं थोडा विचार केला. "बोटीवर फार आवाज असतो ना, म्हणून त्यांना बोलायची सवय नसेल." स्वतःच उत्तर देऊन ती डबा वाजवत निघून गेली. सहा वर्षांची पोर बापाची बाजू घ्यायला लागली होती, अजून बारा तासही झाले नव्हते.

ती गेली आणि दोन मिनिटांत तोच दारात उभा. "मावशी, एक विचारू?"

"विचारा."

"पहिल्या दिवशी आंघोळ तुम्ही घातली होती तिला, सिस्टर म्हणाल्या."

"मीच घालते सगळ्यांना."

तो आत आला. टेबलापाशी थांबला. त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर मुंगी बसली होती, मोजा हातात धरून, श्वास न घेता. त्यानं खाली पाहिलं नाही.

"ही माझीच ना?" तो म्हणाला.

मी मोजा दुमडला. मग उलगडला. मग परत दुमडला.

"कागद आहे ना तुमच्याकडे?" मी म्हणाले.

"कागद आहे."

"मग?"

"मला काहीतरी वाटायला हवं होतं," तो म्हणाला. "चार वर्षं वाटत होतं की वाटेल. दोनदा तिला मांडीवर घेतलं. मला वाटतं दोष माझ्यातच असेल. इतकी वर्षं पाण्यावर राहून माणूस आतून वाळतो."

"मुलं बदलतात," मी म्हणाले. सिस्टरांचं वाक्य होतं, माझ्या तोंडात नीट बसलं नाही.

तो मान हलवून गेला. मुंगी टेबलाखालून बाहेर आली, दारापर्यंत गेली आणि तो जिना उतरेपर्यंत बघत राहिली. "त्याच्या एका बुटाची नाडी काळी आहे आणि एकाची तपकिरी," ती म्हणाली. "जोडी चुकली."

मी उठले. अडीच वाजले होते.

मोठ्या सिस्टर ऑफिसात एकट्या होत्या, निरोपाच्या कागदावर सही करत. मी दार लावून घेतलं.

"सिस्टर, पिशवी बांधताना चूक झाली."

"काय राहिले?"

"पोरगी."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. एकवीस वर्षांत त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. सगळं सांगितलं, अंगठासुद्धा दाखवला. त्यांनी अंगठा धरून उजेडात नेला, बिल पाहावं तसा दोन्ही बाजूंनी पाहिला.

"तुम्ही नंबर उसवलेत?" त्या म्हणाल्या.

"उसवले आणि परत घातले. चौदा कपडे."

"मला का विचारले नाही?"

"तुम्ही नव्या होतात. पहिल्याच महिन्यात तुमची वही चुकली म्हणायला मला बरं वाटलं नाही."

"म्हणजे माझ्यावर उपकार केलात."

"तेव्हा तसंच वाटलं होतं."

त्या खिडकीकडे गेल्या. मोठ्या सिस्टर खोटं बोलत नाहीत. साखर संपली असली तर पाहुण्यालाही तसंच सांगतात. पण न बोलणं खोट्यात धरायचं की नाही, याचा विचार करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाठमोऱ्या उभ्या होत्या तरी दिसत होतं.

"सरकारच्या समितीने तिला सोपवण्याचा कागद दिला आहे," त्या म्हणाल्या. "बावीस चुकीची निघाली, तर समिती सगळ्या फायली मागेल. हे घर बंदसुद्धा करू शकेल. बत्तीस मुली, मावशी."

"बाकीच्या तीसजणींना तेव्हा नावं होती, सिस्टर. त्यांची अदलाबदल झाली नाही. मी सांगेन समितीला. सुई माझी होती."

"वही माझी होती." त्या वळल्या. "तुम्ही आज काही बोलला नसतात, तर मुंगी तुमच्याजवळ राहिली असती."

"राहिली असती."

"तरीही आलात."

"तुमच्यात कबुली देतात तसलं काही नाही हे. दुसऱ्याचा कपडा माझ्या खणात राहिला तर मला चैन पडत नाही, एवढंच."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणता आलं नसतं. त्या कपाटाकडे गेल्या आणि तेवीस नंबरची फाईल काढली. भोंग्याची खरी फाईल. उभ्यानंच पानं चाळली. तिसऱ्या पानावर थांबल्या आणि थांबल्याच.

"काय आहे?" मी म्हणाले.

त्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली. अक्षर त्यांचंच होतं, ठळक आणि सरळ. 'स्थानकाच्या प्रतीक्षागृहात सापडलेल्या मुलीची चौकशी करण्यासाठी आजी आली. क्रमांक तेवीस दाखवली. आपली नव्हे असे म्हणाली. पत्ता घेतला. परत गेली.' तारीख पोरी आल्यापासून सहाव्या आठवड्यातली.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसते शब्द होते.

"आजी आली होती?" मी म्हणाले.

"मुलीची आई तिला बाकावर ठेवून निघून गेली होती. आजीला महिन्याने कळले. ती इथे, याच खुर्चीवर बसली. मी मुंगीला आणले. ती बघत राहिली आणि म्हणाली, ही नाही. मग म्हणाली, दुसरी कोणी आहे का." सिस्टरांचं क्रियापद पहिल्यांदाच अडखळलं. "आणि मी... मी सांगितले, आमच्याकडे मुले निवडायला देत नाहीत."

हाही नियमच आहे. आलेल्या माणसाला सगळ्या मुली दाखवायच्या नाहीत. ज्या फाईलचा माणूस, त्या फाईलची मुलगी. पोरींना रांगेत उभं करणं म्हणजे बाजार. हाही नियम चांगलाच आहे. भोंगा त्या वेळी बहुतेक मागच्या अंगणात रडत असेल. आजीला ते ऐकूसुद्धा गेलं असेल.

मी वाट पाहत होते की त्या मला काहीतरी लागेल असं बोलतील. त्या बोलल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं.

"गाडी चारला येणार आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "येऊ दे. लागेल."

त्या माणसाला त्यांनी आत बोलावलं आणि चार वाक्यांत सांगितलं. मलम नाही, प्रस्तावना नाही. रक्ताची तपासणी होईल, तीन आठवडे लागतील, समितीला आजच पत्र जाईल, चूक या घराची आहे. तो ऐकताना खुर्चीच्या कडेवरून हळूहळू मागे सरकत गेला आणि पहिल्यांदाच नीट टेकून बसला.

"मला वाटलं, मी वाळलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुठे आहे ती?"

"दुपारी तुम्ही तिच्या शेजारीच उभे होतात," मी म्हणाले. "टेबलाखाली होती."

मी मुंगीला घेऊन आले. तिनं माझा हात धरला नव्हता, माझ्या कामाच्या झग्याचा खिसा धरला होता. माणूस उकिडवा बसला. पुढे हात केला नाही, ते मला आवडलं. त्यानं फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"हे कोण?" मुंगी म्हणाली.

"तू असशील."

"नुसती पाठ आहे."

"हो. आईनं पाठच पाठवली होती."

मुंगीनं खिसा सोडला आणि मान वळवून स्वतःची पाठ बघायला लागली. दिसेना म्हणून आणखी वळली. एक पूर्ण फेरी झाली तिची. तो माणूस हसला, आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघितलं. खिसा रिकामा झाला की किती हलका लागतो, ते तेव्हा कळलं.

आता भोंगा राहिली होती. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, म्हाताऱ्याला बोटीची माहिती देत.

"तुम्ही थांबा, मी सांगते," मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या.

"दोघी जाऊ."

सिस्टर तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, पांढरा झगा मातीत. "बाळ, ते तुझे बाबा नाहीत. आम्ही चुकलो. मी चुकले."

भोंग्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी नाही म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही. मग ती जी सुरू झाली, तिचं वर्णन मी करत नाही. म्हातारा उठून आत गेला. सिस्टर गुडघ्यावर तशाच राहिल्या. पाच-सात मिनिटं असं चाललं आणि फाटकापाशी गाडी येऊन थांबली.

भोंग्यानं मध्येच श्वास घेतला. "मग गाडी कुणासाठी आली?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"एका ठिकाणी जायचे आहे मला," सिस्टर म्हणाल्या.

"पिशवी माझी बांधलीय," भोंगा हुंदके देत म्हणाली. "गाडी माझीच आहे."

सिस्टर उठल्या आणि मला बाजूला घेऊन गेल्या. "नाही. एका दिवसात दोनदा नाही. आधी मी एकटी जाईन, आजी जिवंत आहे का ते बघेन. पत्ता चार वर्षांचा जुना आहे. ती असली आणि पुन्हा नाही म्हणाली, तर या मुलीचे काय होईल?"

"मागच्या वेळी आजीला चुकीची पोर दाखवली. या वेळी दाखवणारच नाही?"

"मावशी, तुम्ही मला टोचून बोलत आहात."

"सुईवालीच आहे मी. नाही म्हणाली आजी, तर पोर माझ्याबरोबर परत येईल. गाडीत मी बसते."

गाडीचं मागचं दार सिस्टरांनी उघडलं आणि उघडं धरून उभ्या राहिल्या.

तासाभराचा रस्ता. भोंग्याला आम्ही एवढंच सांगितलं की एका आजीबाईंना भेटायचंय. ती आधी खिडकीतून बघत होती, मग माझ्या दंडाला डोकं लावून गप्प झाली. तिचं गप्प बसणं मला सोसेना. मोठ्या सिस्टर पुढे बसून फाईल मांडीवर घट्ट धरून होत्या, जशी ती उडून जाणार होती.

पत्ता सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीचा निघाला. बाहेरून लोखंडी जिना. दुकानदाराला विचारलं, तर त्यानं पान्यानं वर दाखवलं. "आहे की. कुठे जातेय म्हातारी."

सिस्टर एकट्या वर गेल्या. मी भोंग्याबरोबर गाडीत. खिडकीची काच अर्धी खाली होती, वरचं सगळं ऐकू येत होतं.

दार उघडलं. आतून एक उंच, हडकुळी म्हातारी बाहेर आली. हात ओले होते. सिस्टरांचा पांढरा झगा बघून तिचा चेहरा बंद झाला.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ती आमची नव्हती. आता कशाला आलात?"

"तुमचे बरोबर होते," सिस्टर म्हणाल्या. "ती तुमची नव्हती. दुसरी होती. मी दाखवली नाही."

खाली दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं. ते थांबलं.

"चार वर्षं झाली," म्हातारी म्हणाली.

"चार वर्षे."

"आणि आज आठवण झाली तुम्हाला."

"आज कळले. चुकीची मुलगी तुमच्यासमोर उभी केली होती. वही माझ्या हातची होती."

म्हातारी ओरडेल असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. पण ती वळली आणि आत गेली. दार उघडंच राहिलं. सिस्टर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या, फाईल छातीशी. मी मोजायला लागले, सवयच आहे ती. चाळीसपर्यंत आले तेव्हा म्हातारी बाहेर आली. तिनं चष्मा लावला होता. कठडा धरून ती एकेक पायरी उतरायला लागली. तिला घाई नव्हती. एकदा बघून परत गेलेलं माणूस दुसऱ्यांदा घाई करत नाही.

भोंगा उठून बसली. "मावशी, ही कोण?"

"आधी तिला बघू दे," मी म्हणाले आणि काच पूर्ण खाली केली.